मैदानातला आवाज

"काका, आता तुम्हाला वाटेल ते लिहा," माझ्याबरोबर पुण्याहून आलेली मेहजबीन म्हणाली. "मनात येईल ते. आम्ही मध्ये काही बोलणार नाही."

आप्पांनी फोन मांडीवर घेतला. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात, खिडकीखालच्या कॉटवर ते बसले होते. गळ्याशी पांढरा रुमाल बांधलेला. ऑपरेशनात स्वरयंत्र काढल्यावर श्वासासाठी गळ्याला जे भोक ठेवलं होतं, ते त्या रुमालाखाली असायचं. उजव्या हाताच्या एकाच बोटानं ते अक्षरं शोधत राहिले. मधेच माझ्याकडं बघून हसले, परत खाली बघितलं. मग त्यांनी बटण दाबलं.

"ओ मंडळी, खाली बसून घ्या! बसून घ्या! मागच्यांना दिसत न्हाई! हलगी थांबवा जरा!"

घर दणाणलं. खरंच दणाणलं. भिंतीवरच्या फळीवरचे पेले थरथरले असं मला वाटलं. आठ महिन्यांनी त्या घरात आप्पांचा आवाज उमटला होता. आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण हसण्याचा आवाज येत नव्हता. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

शेजारचे शामराव तात्या एका पायात चप्पल घालून पळत आले. "कोण बोललं? रंगराव बोलला?"

आप्पांनी पुन्हा टाइप केलं. तात्यांना बराच वेळ थांबावं लागलं.

"तात्या, दुसरी चप्पल कुठाय?"

तात्या मटकन उंबऱ्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडायला लागले.

आप्पा, म्हणजे माझे वडील रंगराव जमदाडे, कुस्तीचे निवेदक होते. पलूसपासून इस्लामपूरपर्यंत कुठल्याही गावात जत्रेचं मैदान भरलं, की माईक त्यांच्या हातात असायचा. कोण कुणाचा पठ्ठ्या, कुणी कुणाला कुठल्या मैदानात चितपट केलं, कुठल्या तालमीचा कुठला डाव, सगळं तोंडपाठ. पट काढला, ढाक मारली, की त्यांचा आवाज असा काही चढायचा की ज्याला कुस्तीतलं काही कळत नाही तोही उठून उभा राहायचा. मग तो आवाज बसला. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, सांगलीचे डॉक्टर झाले. कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल, एवढंच डॉक्टर म्हणाले. आप्पांनी तेव्हाच्या त्यांच्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात म्हटलं होतं, "काढा. ठेवून तरी काय करायचंय?"

मी तेव्हा पुण्यात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारी यंत्रणा आम्ही बनवायचो. बसच्या घोषणा, दवाखान्यातले नंबर, असल्या कामांसाठी. आप्पांचं ऑपरेशन झाल्यावर मी कंपनीच्या मालकाला, सौमित्रला, विचारलं. ज्याचा आवाज गेला त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचाच आवाज बनवता आला तर? तो टाइप करील आणि फोन त्याच्या आवाजात बोलेल. सौमित्रनं विचाराला दोन दिवस मागितले. मग म्हणाला, "करू. पहिला आवाज तुझ्या वडिलांचा."

रेकॉर्डिंगची ददात नव्हती. मैदानांचं शूटिंग करणारा विट्याचा एक फोटोग्राफर होता. त्यानं वर्षानुवर्षांची मैदानं जपून ठेवली होती. त्याची हार्ड डिस्क घेऊन मी पुण्याला गेले आणि पुढचे कित्येक महिने आप्पांच्या आवाजात बुडून गेले.

माझं काम चाचण्यांचं. मी हातानं काही तपासत नसे. तपासणारी यंत्रणाच मी लिहायची, आणि ती आपली आपण चालायची. रोज पहाटे संगणक हजारो वाक्यं आप्पांच्या आवाजात बोलवून घ्यायचा, स्वतःच ऐकायचा, शब्द बरोबर उमटले का बघायचा, आणि मूळ रेकॉर्डिंगशी आवाज ताडून बघायचा. जुळलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. मी ऑफिसात आले की आधी लाल खुणा बघायच्या, हेडफोन लावून ती वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकायची, कुठं बिघडलंय ते शोधायचं. 'ळ' नीट येत नव्हता. जोडाक्षरांवर आवाज अडखळत होता. एकेक करून आम्ही ते सगळं काढलं. शेवटी एक दिवस असा आला की पूर्ण पडदा हिरवा होता. सौमित्रनं सगळ्यांना पेढे वाटले.

मेहजबीननं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. बनवलेली वस्तू वापरणाऱ्याच्या हातात देऊन, त्याच्या घरी बसून बघायचं, आणि त्यानं 'हो, मला हे चालतं' म्हटल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. माझं आणि तिचं यावरून नेहमी वाजायचं.

"आता अजून काय राहिलंय?" मी म्हटलं. "एकही लाल खूण नाही."

"तुझी यंत्रणा सांगते की आपण ठरवलं तसं झालंय," ती म्हणाली. "आपण ठरवलं ते बरोबर होतं का, हे तिला कुठं माहीत? ते काकाच सांगतील. आणि काकू."

"आईचा काय संबंध?"

"का? ते बोलणार कुणाशी?"

म्हणून आम्ही दोघी गावी आलो होतो.

शामराव तात्यांच्या मागोमाग गल्लीतली चार माणसं जमली. आप्पांनी त्यांना एका जुन्या कुस्तीचं वर्णन ऐकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तासाभरानं मेहजबीननं हात जोडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

"काका, हे झालं मैदानातलं. आता घरातलं. रोजचं. काकूंशी बोला काहीतरी."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मघापासून तिथंच होती. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हाही ती हसून बघत होती. कमरेला पदर खोचलेला, हाताला पीठ. नवऱ्याचं कौतुक होताना बायका जशा जरा तिरप्या उभ्या राहतात, तशी.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि टाइप केलं. या वेळी वेळ लागला नाही. तीनच शब्द होते.

"अगं, चहा ठेव!"

आईनं कमरेचा पदर सोडला आणि झटक्यात डोक्यावरून घेतला. दारात कुणी परका पुरुष आला की घ्यायची, तसा. आपण काय केलं ते तिला लगेच कळलं असावं, कारण पदराचं टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिनं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी तिच्याकडं. मग ती आत गेली.

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

चहा तिनंच आणून दिला. आप्पांच्या हातात पेला देताना म्हणाली, "साखर कमी हाय. बगा." आप्पांनी मान हलवली, आणि काही टाइप करायला फोन उचलला. तिनं घाईघाईनं पाठ फिरवली आणि परसात निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती न्हाणीपाशी, धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत होती.

"आई, काय झालं?"

"काय न्हाई."

"तुला आवडलं नाही का?"

"चांगलंय की. लोकं किती खूश झाली."

"मग?"

तिनं तांब्या उपडा घातला. "हेमा, एवढं ते बंद कर बया. मी असताना नको लावू."

"अगं, आप्पांचाच आवाज आहे तो. मी तपासलाय. इतके महिने तेच करतेय मी."

"कशाशी ताडून बगितलास?"

"त्यांच्याच आवाजाशी. मूळ रेकॉर्डिंगशी."

"कुठल्या?"

"मैदानातल्या."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी काय बोलले ते मलाच ऐकू यावं म्हणून जणू ती थांबली होती.

"मैदानात मी कवा गेले गं?" ती म्हणाली. "बायामाणसं कुठं जायची तवा? त्यो आवाज मला शेतातनं ऐकू यायचा, कर्ण्यावरनं. लांबनं. म्हनायची, चालू झालं ह्यांचं. माझ्याशी हे आसं कवाच बोललं न्हाईत. एकदासुदीक. घरात यायचं ते आसं..." ती थांबली. हातानं जमिनीशी काहीतरी दाखवल्यासारखं केलं, खाली, हळू. शब्द तिला सापडला नाही. "आन् आता त्यो कर्णा माझ्या सैपाकघरात आल्यासारखा वाटतोय. 'चहा ठेव' म्हनतोय. मला भ्याच वाटलं."

मी सोप्यात परत आले. मेहजबीनला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "आवाज बारीक करून बघू." बारीक केला. लांबून कुणीतरी ओरडतंय असं वाटायला लागलं. वेग कमी केला, तर आप्पा दारू प्यायल्यासारखे बोलायला लागले. ते ऐकून आप्पाच हसले, पण थोडंच.

दोष कुठंच नव्हता. शब्द बरोबर, आवाज बरोबर. पण त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये आप्पा पाच-दहा हजार माणसांशी बोलत होते. एका माणसाशी बोलतानाचे आप्पा त्यात कुठंही नव्हते.

"घरातलं काहीतरी असेलच," मेहजबीन म्हणाली. "एखादा व्हिडिओ. लग्नातला, बारशातला."

त्या दुपारी आम्ही घर उलटंपालटं केलं. चुलत्याचं घर, आत्याचं घर, सगळ्यांचे मोबाइल. माझ्या लग्नाची सीडी लावली. त्यात आप्पा होते, पण हातात माईक घेऊन वऱ्हाडाला पंगतीला बोलावत होते. भाच्याच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत कुणीतरी म्हणालं, "मामा, बोला की दोन शब्द," आणि आप्पा मैदानात उभे राहिल्यासारखे ताठ झाले आणि गरजले. समोर माईक किंवा कॅमेरा आला की त्यांचा आवाज आपोआप तो व्हायचा. आपल्यापुढं कोण आहे हे त्यांचा गळाच ठरवायचा. फोनवरही ते फार बोलत नसत. मला फोन करायची ती आई, आणि शेवटी म्हणायची, "आप्पा इथंच हायत, बरं हायत."

चुलतभावाच्या मोबाइलमध्ये आमची गाय व्यायलेली त्या दिवसाचा एक व्हिडिओ सापडला. तो आप्पांनीच त्याचा मोबाइल घेऊन काढला होता, गोठ्यात, एकटे असताना. पडदाभर नुसतं वासरू, ओलं, उठायला धडपडणारं. ते पडतं, पुन्हा उठतं. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. शेवटी ते चार पायांवर उभं राहिलं आणि मोबाइलच्या मागून आवाज आला.

"हं."

एवढंच. मग व्हिडिओ संपला.

आई कधी येऊन मागं उभी राहिली होती, आम्हाला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "हां. ह्येच."

मेहजबीननं तो पुन्हा लावला. पुन्हा "हं." आई तिसऱ्यांदा लाव म्हणाली नाही. ती आत गेली.

मी सौमित्रला फोन केला. एवढ्यावरून काही करता येईल का? तो म्हणाला, "हेमा, एका हुंकारावरून माणूस कसा उभा करणार? निदान अर्धा-पाऊण तास बोलणं पाहिजे. साधं बोलणं." मला ते माहीत होतं. तरी विचारलं.

निघायच्या आधी मेहजबीन आप्पांच्या समोर खुर्ची घेऊन बसली. प्रत्येक ठिकाणी शेवटी ती हेच करायची. "काका, आता मला सांगा. हे तुम्हाला चालतंय का? खरं सांगायचं. हेमा आमच्यातली आहे म्हणून हो म्हणायचं नाही."

आप्पांनी टाइप केलं. पण बटण दाबलं नाही. फोन फिरवून पडदा आमच्यापुढं धरला.

'मैदानात चालतंय. घरात न्हाई. तुमची चूक न्हाई पोरींनो.'

मग तो फोन त्यांनी बंद केला आणि कॉटच्या उशाशी ठेवला. आईकडं बघून हातानं भाकरीची खूण केली. आई म्हणाली, "हां, वाढते. पोरींना बी वाढते."

जेवताना घरात बोलणारी एकटी आईच होती. आप्पा मानेनं, भुवयांनी, बोटांनी उत्तरं देत होते. तिला सगळं कळत होतं.

सौमित्रला आधी वाटलं, मेहजबीन जरा जास्तच करतेय. घराबाहेर मान्य, घरात अमान्य, असा निकाल त्यानं कधी ऐकला नव्हता. पण तिनं तोच लिहिला आणि पुसायला नकार दिला. पुढं त्यामुळं कंपनीचं कामच बदललं. ऑपरेशन व्हायच्या आधी माणसं आमच्याकडं यायला लागली, तेव्हा मेहजबीन त्यांना माईकपुढं बसवतच नसे. घरी जायची, रेकॉर्डिंगचं यंत्र कुठंतरी कोनाड्यात ठेवून द्यायची आणि म्हणायची, तुम्ही तुमचं भांडा, जेवा, पोरांना ओरडा, मी संध्याकाळी येते. मिरजेच्या एका बाईनं अशा बनवलेल्या आपल्या आवाजात नातवाला गोष्ट सांगितली, तेव्हा पोरगं मांडीवर झोपलं. मेहजबीननं मला तो प्रसंग सांगितला आणि सांगता सांगता माझ्याकडं बघून थांबली. मी म्हटलं, "सांग ना. चांगली गोष्ट आहे."

आप्पांनी मात्र त्यांचं यंत्र वापरलं. त्या वर्षीच्या जत्रेत ते माईकसमोर बसले आणि मैदान चालवलं. वाक्यं आधी लिहून ठेवलेली असायची, डाव बदलला की पोरं भराभर बोटानं दाखवायची, आणि आप्पा बटण दाबायचे. कधी आवाज डावाच्या मागून यायचा. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. मैदान संपल्यावर त्यांना फेटा बांधला. मी तिथं होते, बायकांमध्ये पुढं बसले होते. आई आली नव्हती.

आणि ते मला फोन करायला लागले. आधी कधी करत नव्हते, पण आता रोज करायचे. आईला तो आवाज घरात नको होता, म्हणून संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसायचे आणि तिथून फोन लावायचे. मागं गाईच्या गळ्यातली घंटा वाजायची. मी विचारायची, ते टाइप करायचे, मग मधली शांतता, मग तो आवाज.

"जेवलीस का?"

"आज मळ्यात पाणी सोडलं!"

"दम खा! घाई करू नको! सगळं हुईल!"

माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही त्यांनी असाच फोन केला. बराच वेळ लाइनवर नुसती घंटा वाजत होती. मग तो खणखणीत आवाज म्हणाला, "रडू नको! मी हाय!" दहा हजार माणसांना सांगावं तसं. मी फोन कानापासून जरा लांब धरला होता. पण तो ठेवला नाही.

दोन वर्षांनी आप्पांचा आजार परत आला आणि या वेळी डॉक्टरांनी काढण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगितलं. शेवटचे दिवस ते घरीच होते. आई कॉटशेजारी खाली बसून असायची. त्यांनी बोट उचललं की तिला कळायचं, पाणी का कूस बदलायचीय. फोन उशाशी होता, पण चार्जिंगला लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पांनीही मागितला नाही.

ते गेल्यावर वर्षभरानं मी गावी गेले होते. दुपारी मी आणि आई सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. गावात जत्रा होती. आप्पांची जुनी मैदानं लोक अजून कर्ण्यावर लावतात. त्या दिवशीही लावली होती. माळावरून आवाज येत होता. आई हात न थांबवता शेंगा फोडत होती.

माझ्या मनात कित्येक दिवस एक गोष्ट होती. मी ती कुणालाच सांगितली नव्हती.

"आई, आप्पा घरात कसे बोलायचे गं?"

ती हसली. "आता ह्ये काय इच्यारतीस? तू हुतीस की हितंच."

"मला आठवत नाही."

"आसं कसं?"

"शब्द आठवतात. काय म्हणाले ते आठवतं. पण आठवायला गेलं की आवाज तोच येतो. यंत्रातला. मी लहान असताना ताप आला की कपाळावर हात ठेवून काहीतरी म्हणायचे ना, तेसुद्धा आता तसंच ऐकू येतं. कर्ण्यावरनं बोलल्यासारखं. मी तो इतका ऐकला, आई. पहिले ते महिने, आणि नंतर रोज फोनवर. आधीचा पुसलाच गेला."

आईचे हात थांबले.

"म्हनून तर मी घरात वाजू दिला न्हाई," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मला त्यांचं वंगाळ वाटत हुतं? त्यांना बोलू वाटत हुतं, मला काय कळत न्हवतं? गोठ्यात जाऊन बसायचे, बाहेर पाऊस आसला तरी. मी हितनं बगायची. एकदा वाटलं, जाऊन म्हनावं, या आत, बोला घरात. पायरीपातुर गेले. पर म्हनलं, न्हाई. दोन दिसात सवय हुईल मला. आन् सवय झाली की माझ्या कानात हाय त्यो जाईल. मग कुठनं आनू?" तिनं टरफलं बाजूला सारली. "त्यांना बी ठावं हुतं. मी सांगितलं हुतं त्यांला. त्यांनीच मान हलवली."

माळावरचा आवाज चढला. कुणीतरी कुणाला तरी उचललं असावं. मग टाळ्या.

"मला म्हणून दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"कसे बोलायचे ते. तुझ्या कानात आहे ना अजून."

ती लाजली. खरंच लाजली, त्या वयात. पदराला हात पुसले, दाराकडं बघितलं. मग मान थोडी खाली घातली आणि आवाज उतरवला. तिचा स्वतःचा आवाज तसा बारीक होता, पण तिनं तो छातीत कुठंतरी खाली नेला, आणि अगदी हळू, शेवटचं अक्षर जरासं लांबवून म्हणाली,

"आलीस व्हय गं? दमलीस. बस जरा."

मी ऐकत होते. ताणून ऐकत होते. माझ्या आत काहीच हललं नाही. आई बोलली होती, एवढंच. तो कुणाचाही आवाज असू शकला असता.

तिनं माझ्याकडं बघितलं. मघाचं लाजणं गेलं होतं, आणि तिचे डोळे माझा चेहरा शोधत होते.

"मी रोज मनातल्या मनात म्हनून बगती," ती म्हणाली. "पर आता वरीस झालं. बरुबर हाय का इसरत चाललीया, कुणाला इच्यारू? तूच तेवढी हायस ऐकलेली." ती थांबली. "आसंच बोलायचे न्हवं? शेवट आसाच यायचा?"

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच, आई."

"बग. मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.